अंबाबाई मंदिर परिसरात पे पार्किंग आणि रहिवाशांना पास : कोल्हापूरकर, काय म्हणणं आहे?

जुना_राजवाडा | शुक्रवार, रात्री ९:१०

माझं म्हणणं सरळ मांडतो, मग ज्याला जे पटेल ते लिहा. महाद्वार रोड, ताराबाई रोड, जोतिबा रोड, गुजरी, भाऊसिंगजी रोड, पापाची तिकटी ते बिंदू चौक या पट्ट्यात रस्त्यावर गाडी लावायला तासाप्रमाणे पैसे घ्यावेत. आणि जे इथं राहतात त्यांना पास द्यावा.

हा भाग टांग्याच्या काळात वसला. आमच्या बोळात दोन मोटरसायकली समोरासमोर आल्या तर एकाला मागं सरकावं लागतं. शनिवार-रविवार, नवरात्र, किरणोत्सवाचे दिवस, मे महिन्याची सुट्टी, या सगळ्यात बाहेरच्या गाड्या बोळात शिरतात. भाविकांना मी दोष देत नाही. रस्ता मोकळा दिसला, पाटी नाही, पैसे नाहीत, तर माणूस गाडी लावणारच. पण मध्यंतरी शेजारच्या आजींना न्यायला ॲम्ब्युलन्स आली ती चौकातच अडकली आणि स्ट्रेचर चौघांनी उचलून न्यावं लागलं. घरफाळा आम्ही भरतो आणि दारात ॲम्ब्युलन्स येत नाही.

पैसे लावले तर गर्दी कमी होईल का, रहिवाशांना पास कुणी आणि कसा द्यायचा, व्यापाऱ्यांचं काय, यावर मोकळेपणानं लिहा.

मंगळवारपेठी | रात्री ९:३२

न्हाई म्हंजे न्हाई. टोल विसरलासा काय?

तांबडा_पांढरा | रात्री ९:४१

आमच्याकडं पाव्हणा आला की पूर्वी "चहा घेणार न्हवं?" म्हणत होतो. आता पहिला प्रश्न "गाडी कुठं लावलासा?" विषय गंभीर आहे भावा, धागा काढलास ते बरं केलंस.

गुजरीकर | रात्री १०:०५

माझं गुजरीत दुकान आहे. वडिलांच्या वेळेपासून. पे पार्किंग म्हटलं की आमच्या लाईनीत पहिली भीती एकच : गिऱ्हाईक राजारामपुरीला जाईल. तिथं रुंद रस्ते, नव्या शोरूम, एसी. सोनं घ्यायला येणारा माणूस सहकुटुंब येतो, दोन-तीन तास बसतो. त्याला दर तासाला पावतीची धास्ती लावली तर तो दुसऱ्यांदा येणार नाही.

आधी मोठं वाहनतळ द्या, मग रस्त्यावर पैसे घ्या. उलटं करू नका.

नकाशा | रात्री १०:५०

गुजरीकर, तुमची भीती समजते. पण दुकानासमोर दिवसभर कुणाच्या गाड्या असतात ते एकदा बघा. मी आर्किटेक्ट आहे, एका कामासाठी गुजरी आणि भाऊसिंगजी रोडला बरेचदा उभा राहिलोय. सकाळी दुकानं उघडायच्या वेळेला लागलेल्या कितीतरी गाड्या रात्री शटर पडल्यावरच हलतात. त्या मालकांच्या आणि कामगारांच्या असतात. गिऱ्हाईक मात्र तीन फेऱ्या मारून निघून जातं.

थोडा हिशेब मांडतो. राज्यात डिसेंबर २०२० पासून जी एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू आहे, तिच्यात चारचाकीला अडीच बाय पाच मीटर जागा धरतात, म्हणजे साडेबारा चौरस मीटर. दुचाकीला एक बाय दोन, म्हणजे दोन चौरस मीटर. एका चारचाकीच्या जागेत सहा दुचाकी बसतात. दुकानदाराची एक चारचाकी दहा तास उभी राहिली आणि त्याच जागेत अर्ध्या-अर्ध्या तासानं दुचाकी बदलत राहिल्या असत्या, तर एकशेवीस गिऱ्हाइकं येऊन गेली असती. सगळीच जागा कायम भरलेली राहणार नाही हे धरून निम्मी म्हणा. तरी साठ होतात.

तासाचे पैसे लावायचा खरा उपयोग हा आहे. जागा हलती राहते.

गुजरीकर | रात्री ११:१५

हिशेब बरोबर आहे तुमचा, नाही म्हणत नाही. पण माझा कामगार वडणग्याहून मोटरसायकलनं येतो. त्यानं गाडी कुठं लावायची? त्याच्या पगारातून दिवसाचे पार्किंगचे पैसे कापले तर तो टिकणार नाही.

नकाशा | रात्री ११:२२

त्याच्यासाठी मासिक पास, पण आतल्या रस्त्यावर नको, लांबच्या तळावर. आतली जागा तासाभराच्या माणसाला.

मंगळवारपेठी | शनिवार, सकाळी ७:४८

काल घाईत एक ओळ टाकली, आता नीट लिहितो.

टोलच्या वेळी मी कॉलेजात होतो. मोर्चात चाललोय. एन. डी. पाटील सर त्या वयात रस्त्यावर बसायचे, पानसरे अण्णा सभेत कराराचं एक-एक कलम वाचून दाखवायचे. शहराच्या आतल्या पन्नासेक किलोमीटर रस्त्यांसाठी तीस वर्षं टोल द्यायचा असा तो करार. लोकांना विचारलं कधी? नाके उभे राहिल्यावर. जानेवारी २०१४ मध्ये नाके पेटले. शेवटी २०१५ संपताना राज्य सरकारनं टोल रद्द केला. अण्णा ते बघायला राहिले नाहीत, त्याच वर्षी फेब्रुवारीत त्यांचा खून झाला.

म्हणून सांगतो, कोल्हापूरच्या माणसाला पैसे द्यायचं वावडं नाही. गंगावेशीत धारोष्ण दुधाला सांगतील तो दर देतो. पण ठेका कुणाला, किती वर्षांचा, जमा किती, खर्च कुठं, हे न सांगता कुणी पावतीबुक घेऊन उभा राहिला तर तो इथं टिकणार नाही. आणि टिकू पण देणार नाही.

जुना_राजवाडा | सकाळी ८:२०

मंगळवारपेठी, तुमच्या या पोस्टशी मी शब्दाशब्दानं सहमत आहे. म्हणूनच तीस वर्षांचा करार वगैरे नकोच. एका पट्ट्यात सहा महिने करून बघायचं. जमलेला पैसा त्याच पट्ट्यात खर्च व्हावा : फुटपाथ, दिवे, स्वच्छतागृहं. आणि महिन्याचा हिशेब चौकात फलकावर लिहावा, महापालिकेच्या वेबसाईटच्या कुठल्यातरी कोपऱ्यात नको. शनिवारी बाजाराला आलेल्या माणसाला तो उभ्या-उभ्या वाचता आला पाहिजे.

टोकियोतला_कोल्हापुरी | सकाळी ९:०२

इथली गोष्ट सांगतो. जपानमध्ये १९६२ पासून कायदा आहे : गाडी नावावर करायची तर ती ठेवायला जागा असल्याचा दाखला आधी पोलीस ठाण्यातून आणायचा. जागा घरापासून दोन किलोमीटरच्या आत पाहिजे. पोलीस ती तपासतात. काही भागांत छोट्या गाड्यांना सवलत आहे. रात्रभर रस्त्यावर गाडी ठेवायची सोयच नाही. गल्ल्या आपल्या पेठेइतक्याच अरुंद आहेत, पण त्यातून आगीचा बंब जातो.

शिवाजीपेठ_ए_वॉर्ड | सकाळी ९:१५

टोकियोचं कोल्हापूरला कसं लागू होणार ओ? तिथं दर दोन मिनिटाला रेल्वे. इथं केएमटीच्या बसची वाट बघत माणूस म्हातारा होतो.

टोकियोतला_कोल्हापुरी | सकाळी ९:३०

मान्य. पण जपान लांब वाटत असेल तर ऐजॉल बघा. मिझोरमची राजधानी, डोंगरावरचं गाव, रस्ते आपल्यापेक्षा अरुंद. तिथंही गाडी नोंदवायला जागेचा दाखला मागतात. आपल्याच देशात.

पुण्यात_अडकलेला | सकाळी १०:१०

पुण्याचं सांगायला हवं. मार्च २०१८ मध्ये महापालिकेनं पार्किंग धोरण मंजूर केलं. आधी सगळ्या शहरासाठी होतं, मग आंदोलनं झाली, मग पाच रस्त्यांवर प्रायोगिक म्हणून ठरलं. पुढं वर्षानुवर्षं कागदावरच. ज्या पक्षानं मंजूर केलं त्यांनाही लोकांसमोर जायची हिंमत झाली नाही, आणि ज्यांनी विरोध केला त्यांनी दुसरा उपाय दिला नाही. कोल्हापुरात करायचं तर सुरुवातीपासून पेठेतल्या लोकांना बरोबर घ्या, एवढंच म्हणणं.

सईची_आई | सकाळी ११:०५

मी ताराबाई रोडच्या बाजूला राहते. इथं पैशाची चर्चा चालली आहे पण बायकांचा त्रास कुणी लिहीत नाही. रात्री कामावरून आले की स्कूटर लावायला जागा नसते. मग लांब कुठंतरी लावायची आणि अंधाऱ्या बोळातून चालत यायचं. सकाळी बघावं तर कुणीतरी गाडी ओढून भिंतीला टेकवलेली असते, आरसा मोडलेला.

आणि जागा अडवण्याचं काय? कुंड्या, टायर, दगड भरलेले डबे, मोडक्या खुर्च्या. प्रत्येकानं आपापल्या दारासमोरचा रस्ता आपला करून टाकलाय. पास काढला तर हे सगळं उचललं जाणार का, ते आधी सांगा. पास घेऊनही समोर कुणाची कुंडी असेल तर त्या पासाचा उपयोग काय?

जुना_राजवाडा | सकाळी ११:४०

ताई, हा मुद्दा मुख्य धाग्यात यायला हवा होता. पास म्हणजे या पट्ट्यात पैसे न देता गाडी लावायची मुभा, ठरावीक जागेची मालकी नव्हे. माझ्या दारासमोर तुमची स्कूटर लागली तर मी बोलू शकत नाही, आणि उलटही. कुंडी-टायर ठेवणाऱ्याचा पास रद्द, इतकं कडक हवं.

तीन_चाकी | दुपारी १२:३०

मी रिक्षा चालवतो. स्टँडवरनं पॅसेंजर घेतला की देवळापर्यंत यायला जितका वेळ लागतो, त्याच्या निम्मा वेळ शेवटच्या पाव किलोमीटरला जातो. रस्ता कडेला लावलेल्या गाड्यांनी आवळलाय, आणि वर जागा शोधत हळूहळू फिरणारे. मागनं कितीबी हॉर्न वाजवा, त्यांचं लक्ष फुटपाथकडं. लोक म्हणतात रिक्षावाले चौक अडवतात. आमच्या स्टॉपच्या पट्ट्यात चारचाकी लागली की आम्ही जाणार कुठं? पे पार्किंग करा, पण रिक्षा स्टॉपची जागा आधी आखा आणि तिथं लागलेली गाडी खरंच उचला.

केएमटीचा_प्रवासी | दुपारी १:१०

शिवाजीपेठ_ए_वॉर्ड, बसचं तुमचं म्हणणं खरं आहे, पण त्यावर रडून थांबू नये. २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणातच म्हटलंय की पार्किंगचा दर जमिनीच्या किमतीला धरून असावा, आणि सार्वजनिक वाहतुकीला प्राधान्य द्यावं. महाद्वार रोडला जमिनीचा भाव काय आहे ते गुजरीकर सांगतील. त्या भावाची साडेबारा चौरस मीटर जागा आपण चारचाकीवाल्याला फुकट देतोय, आणि बसनं येणाऱ्या बाईला उभं राहायला शेड नाही.

पार्किंगच्या पैशातून निदान रविवारी आणि सणाला दसरा चौक ते मंदिर अशी छोटी बस सतत फिरली पाहिजे. म्हाताऱ्या माणसांसाठी तरी.

सांगलीहून_दर्शनाला | दुपारी २:४५

बाहेरच्याचंही ऐका. आम्ही दर अमावास्येला येतो. बिंदू चौकातल्या तळावर पैसे देऊन गाडी लावतो, तिथून चालत देवळात. पैसे द्यायला काहीच वाटत नाही. त्रास होतो तो तळ भरलेला असला की. आत शिरून कळतं की जागा नाही, मग मागच्या गाड्यांतून बाहेर पडायचं. कावळा नाक्यापाशी किंवा रंकाळ्याकडून येताना एक फलक लावा, कुठल्या तळावर जागा आहे ते दाखवणारा. आम्ही मुकाट्यानं तिकडं जाऊ. गल्लीत शिरायची आम्हालाही हौस नाही.

तांबडा_पांढरा | दुपारी ३:००

सांगलीकरांना एक सूचना : गाडी लावल्यावर तास मोजताना जेवणाचा वेळ धरा. पांढऱ्या रश्श्याची तिसरी वाटी मागितली की दुसरा तास सुरू झाला म्हणून समजा.

सांगलीहून_दर्शनाला | दुपारी ३:०४

तेवढे पैसे आनंदानं देऊ!

उपनगरातून | दुपारी ४:२०

मी फुलेवाडीकडं राहतो. पेठेतल्या लोकांना पास, बाहेरच्यांना पैसे, हे मला खटकतं. शहर सगळ्यांचं आहे. करवीर, पन्हाळा, राधानगरीकडची माणसं बी-बियाणं, भांडी, लग्नाचा बस्ता घ्यायला पिढ्यानपिढ्या शहरात येतात. शेतकरी लक्ष्मीपुरीत माल घालायला येतो. त्याच्याकडून तासाचे पैसे घेणार आणि वाड्यातल्या माणसाच्या दोन चारचाकी फुकट ठेवणार?

ज्याला घरात जागा नाही त्यानं चारचाकी घ्यावी कशाला, असंही मी विचारू शकतो.

नकाशा | सायंकाळी ५:०५

उपनगरातून, शेवटचं वाक्य कडक आहे पण बिनतोड आहे. माझं मत असं : पास घरफाळ्याच्या खात्यावर द्यावा. एका खात्याला दोन दुचाकी आणि जास्तीत जास्त एक चारचाकी. दुसऱ्या चारचाकीला बाजारभावानं पैसे. आणि ज्या अपार्टमेंटच्या मंजूर नकाशात पार्किंग आहे तिथल्या लोकांना रस्त्याचा पास मुळीच नको. त्यांच्या तळमजल्यावर आज गाळे आणि गोडाऊन आहेत, ते मोकळे करून घ्या. हे काम महापालिकेला आजही करता येतं, त्याला नवीन धोरण लागत नाही.

सईची_आई | सायंकाळी ५:३०

भाडेकरूंचं काय? आम्ही भाड्यानं राहतो. घरफाळा मालकाच्या नावावर, मालक मुंबईत. म्हणजे पास त्याला आणि गाडी आमची.

नकाशा | सायंकाळी ५:४१

बरोबर आहे ताई. खातं घराचं धरावं, पण पास राहणाऱ्याच्या नावावर. भाडेकरार किंवा लाईट बिल दाखवून.

शिवाजीपेठ_ए_वॉर्ड | सायंकाळी ६:१५

एवढं सगळं करण्यापेक्षा जमिनीखाली दोन मजली तळ बांधा की. विषय संपला.

पूररेषा | सायंकाळी ७:००

जमिनीखाली? २०१९ चा ऑगस्ट आणि २०२१ चा जुलै आठवा. शाहूपुरी, लक्ष्मीपुरी, व्हीनस कॉर्नर, सगळीकडं जयंती नाल्याचं आणि पंचगंगेचं पाणी. आमच्या अपार्टमेंटच्या तळघरात छताला पाणी टेकलं होतं. लोकांनी गाड्या उंच भागात नेऊन रस्त्याकडेला लावल्या होत्या. तेव्हा कुणी कुणाला पावती मागितली नाही, आणि मागूही नये. नियम करताना पुराच्या दिवसांत वरच्या भागातलं सगळं पार्किंग खुलं राहील हे त्यात लिहूनच ठेवा.

मंदिराच्या बाजूला उंचवटा आहे, तिथं पूर येत नाही हे खरं. पण तिथं खोदायचं म्हणजे जपून. मंदिराच्या आवारातच मणिकर्णिका कुंड मातीखाली गाडलं गेलं होतं, ते उकरून निघालं. त्या भागात पोकलेन लावायच्या आधी दहा वेळा विचार करावा. वरच्या दिशेनं मजले चढवा, खाली नको.

गुजरीकर | रात्री ८:३०

दिवसभर धागा वाचतोय, दुकानात चार जणांशी बोललो. आमच्यातल्या दोघांचं म्हणणं, मालक-कामगारांच्या गाड्या लांब लावायला तयार आहोत, पण संध्याकाळी तळ सुरक्षित पाहिजे, तिथं राखणदार पाहिजे. गाडीत रोकड नसते, तरी दागिन्याच्या दुकानातला माणूस अंधारात एकटा गाडीकडं चालत जाणं जोखमीचं आहे. याचा विचार कुणी केला तर आम्ही विरोध करणार नाही. गिऱ्हाइकाला पहिला अर्धा तास फुकट मिळाला पाहिजे, हे मात्र सोडणार नाही. चप्पल घ्यायला, फुलं घ्यायला आलेल्या माणसाला पावती कशाला?

मंगळवारपेठी | रात्री ९:०५

गुजरीकर, अर्धा तास फुकट हे पटलं. मालाच्या टेम्पोचंबी ठरवा. छोटा हत्ती भर दुपारी मधोमध उभा करून पोती उतरवत्यात. सकाळी नऊच्या आत माल उतरवायचा, नंतर न्हाई.

आणि सणाचं? गणपतीत मांडव रस्त्यात असतो, निम्मी जागा जाते. तालमीचं, मंडळाचं काय सांगणार?

शिवाजीपेठ_ए_वॉर्ड | रात्री ९:२०

गणपतीच्या दिवसांत पेठेत चारचाकीच नको. आमच्या मंडळाची पोरं उभी राहतील, गाड्या वळवतील. आजपण तेच करतात, फुकट.

पुण्यात_अडकलेला | रात्री ९:५०

हे चांगलंय. पण बारा महिने अंमलबजावणी कोण करणार? सम-विषम तारखांचे फलक लावलेत, ते कोण पाळतंय? क्रेन येते, दुचाकी उचलते, शेजारची मोठी चारचाकी तशीच उभी. पैसे लावले आणि वसुली फक्त गरिबाच्या स्कूटरवर झाली तर पहिल्या महिन्यात सगळं बंद पडेल.

तीन_चाकी | रात्री १०:१०

अगदी. चारचाकीला जॅमर लावा, दहा ठिकाणी लावला की शंभर सुधारतील. आणि दर ठरवताना दुचाकीचा नाममात्र ठेवा, चारचाकीचा सहापट. मघाशी आर्किटेक्ट साहेबांनी जागेचा हिशेब सांगितलाच आहे.

उपनगरातून | रात्री १०:३५

सहापट दर आणि दुसऱ्या चारचाकीला पास नाही, हे दोन्ही असेल तर माझा आक्षेप मागं. लक्ष्मीपुरीतला रविवारचा बाजार मात्र यातून बाहेर ठेवा. तिथं शेतकरी पहाटे येतो.

जुना_राजवाडा | रविवार, सकाळी ८:००

सगळ्यांचं वाचलं. मूळ प्रश्नावर माझं मत आता जास्त पक्कं झालंय, फक्त क्रम बदलतोय. आधी रहिवाशांची नोंदणी आणि पास, त्याबरोबर कुंड्या-टायर उचलणं आणि अडवलेले तळमजले मोकळे करणं. हे दिसलं की मग एकाच पट्ट्यात, भाऊसिंगजी रोड ते बिंदू चौक, तासाचे पैसे. अर्धा तास फुकट. ठेकेदार नेमायचाच असेल तर मुदत सहा महिने, आणि हिशेब चौकातल्या फलकावर. पूर आला की सगळं माफ. महापालिका आयुक्तांना पत्र लिहायला घेतोय, आज संध्याकाळी मसुदा इथंच टाकतो. व्यापाऱ्यांकडून गुजरीकर आणि रहिवाशांकडून सईची_आई सही करतील का?

सईची_आई | सकाळी ८:३५

करते. पण पत्रात दिव्यांचं पहिल्या पानावर लिहा, शेवटी नको.

गुजरीकर | सकाळी ९:१०

मसुदा बघून सांगतो. राखणदाराचं कलम असेल तर आणखी सात-आठ सह्या आणून देतो.

मंगळवारपेठी | सकाळी ९:४०

करार झाला तर तो मराठीत छापून प्रत्येक तालमीत लावायचा, हे कलम घाला. मग माझीपण सही धरा.

तीन_चाकी | सकाळी ९:५५

रिक्षा स्टॉप विसरू नका साहेब. पापाची तिकटी आणि बिंदू चौक, दोन्ही लिहा.